जुहूपासून उलव्यापर्यंत

उलव्याचा डोंगर सपाट करून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आणि २०२५ साली त्याचे उद्घाटन झाले. आज विमान चालविणारी स्त्री पाहून कोणी तोंडात बोट घालीत नाही. भारतातील वैमानिकांत स्त्रिया शेकडा पंधराच्या आसपास आहेत. जगाच्या सरासरीच्या सुमारे तिप्पट! पण हे नवल सरायला किती वर्षे लागली, तो हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

आरंभ जुहूच्या मैदानाचा. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. त्या काळी शिकायचे ते डी हॅविलंड कंपनीच्या जिप्सी मॉथसारख्या विमानावर. लाकडी सांगाडा, एकावर एक असे दोन पंख, त्यांवर ताणलेले कापड, मध्ये खांब नि तारा, आणि मागेपुढे दोन उघड्या बैठका. इंजिन सुरू करायचे तर कोणीतरी समोर उभे राहून पंखा हाताने फिरवायचा. शिक्षकाचा आवाज येई तो बोलनळीतून. दोन पंखांमुळे हे विमान मंद गतीतही तरंगे, थोड्या जागेत उतरे. नवशिक्याची चूक ते पुष्कळदा पोटात घाली. १९३० साली ह्याच जातीच्या विमानातून एमी जॉन्सन नावाची मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी गेली. वाटेत ती झाशीच्या परेडच्या मैदानावर उतरली होती. झाशी म्हटल्यावर मराठी वाचकाला जे आठवेल, ते येथे लिहीत नाही.

आपल्याकडे १९३२ साली उर्मिला पारिख ह्यांना परवाना मिळाला. १९३६ साली लाहोरला सरला ठकराल साडी नेसून जिप्सी मॉथमध्ये बसल्या. वय एकवीस, घरी चार वर्षांची मुलगी. सरलाबाईंनाच 'पहिल्या' म्हणण्याचा प्रघात आहे. साल पाहिले तर तो मान पारिखबाईंचा. पण लोकांच्या मनात साडीच राहिली, त्याला इलाज नाही.

खरी अडचण पुढेच होती. परवान्याचे वर्ग दोन : 'अ' हौसेचा, 'ब' पोटापाण्याचा. हौस समाजाने चालवून घेतली, पगार नव्हे. १९३९ साली सरलाबाईंचे पती विमान अपघातात गेले. 'ब' परवान्यासाठी त्या जोधपूरला गेल्या, तोच महायुद्धाने नागरी शिक्षण बंद पडले. त्या लाहोरला परतून चित्रकला शिकू लागल्या. प्रेम माथुर ह्यांना तर परवाना असूनही आठ कंपन्यांनी नकार दिला. १९४७ साली डेक्कन एअरवेजने घेतले. इंडियन एअरलाइन्समध्ये दुर्बा बॅनर्जी आल्या त्या १९६६ साली. म्हणजे पारिखबाईंच्या परवान्यानंतर चौतीस वर्षांनी!

मग १९८५ च्या नोव्हेंबरात कलकत्ता–सिल्चर मार्गावर एक फॉकर फ्रेंडशिप विमान उडाले. कप्तान सौदामिनी देशमुख, सहवैमानिक निवेदिता भसीन. विमानातले सगळेच कर्मचारी स्त्रिया. आडनाव आपले म्हणून थोडा अभिमान वाटला, तर वाचक क्षमा करतील.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल आणले, ते जुहूलाच. २०२१ साली त्याच तारखेला आरोही पंडित ही मुंबईची मुलगी छोटे विमान घेऊन भुजहून निघाली. वाटेत अहमदाबादला इंधन भरले, आणि जुहूच्या धावपट्टीवर उतरली.