लॉगइन होताच मिटणाऱ्या पडद्याची कुळकथा

दूरच्या लिनक्स यंत्रावर एक्सआरडीपीने शिरायचं, पासवर्ड बरोबर, पडदा क्षणभर उजळतो आणि खिडकी मुकाट्याने मिटते. अशा वेळी लोक आधी नेटवर्कला, मग मायक्रोसॉफ्टला शिव्या घालतात. माझा आरोप मात्र १९७० च्या दशकातल्या युनिक्सवर आहे.

पुरावा सापडला एक्सडीएमच्या मॅन्युअलमध्ये. एमआयटीत १९८४ ला एक्स हे विंडो सिस्टिमचं काम सुरू झालं, १९८७ ला एक्स-११ आलं, हे सर्वज्ञात. त्यानंतरच्या वर्षी कीथ पॅकार्डचा एक्सडीएम, म्हणजे एक्सवर लॉगइन करून घेणारा प्रोग्राम, आला. त्याचं मॅन्युअल सुरुवातीलाच सांगून टाकतं की साध्या टर्मिनलवर इनिट, गेटी आणि लॉगइन जे करतात तेच काम इथे आहे, आणि सेशन म्हणजे एका ठरावीक प्रोसेसचं आयुष्य!

जुन्या युनिक्सवर इनिट दर टर्मिनलला एक गेटी लावी. तिच्या जागी लॉगइन येई, त्याच्या जागी शेल, प्रोसेस तीच. ती मरेपर्यंत इनिट वाट बघे, मेली की नवी गेटी. शेल गेल्यावर माणूस तरी कशाला थांबेल? हिशेब चोख होता. एक्सडीएमने शेलच्या जागी स्क्रिप्ट बसवली आणि घोळ झाला. ‘.एक्ससेशन’मध्ये शेवटी कुणी ‘स्टार्टएक्सएफसीई४ &’ लिहिलं, की डेस्कटॉप मागे पाठवून स्क्रिप्ट संपते. स्क्रिप्ट संपली म्हणजे सेशन संपलं; नुकता उघडू लागलेला डेस्कटॉपही त्याच्याबरोबर जातो. ती ‘&’ खोडली की काम होतं.

यावर आक्षेप असा, की हे मूळ एक्सइनिटचं, म्हणजे एक्स हाताने सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं. तोही आपला पहिला प्रोग्राम संपताच एक्स सर्व्हर बंद करतो, आणि वयाने एक्सडीएमपेक्षा थोरला आहे. वयाचा मुद्दा मान्य. पण डेबियनवर एक्सआरडीपीची ‘स्टार्टडब्ल्यूएम’ स्क्रिप्ट बोलावते ती ‘एक्ससेशन’ला. ते नाव एक्सडीएमच्या घरचं. एक्सइनिटच्या फाइलचं नाव ‘एक्सइनिटआरसी’. वारसा नावावरून ठरवायचा तर निकाल माझ्या बाजूने. खुद्द एक्सइनिटनेही ही खोड शेलकडूनच उचलली असणार, असं मी बेधडक म्हणतो.

डी-बसवाल्यांचं म्हणणं वेगळं; ते बोट ठेवतात प्रोग्रामांच्या आपसातल्या निरोपांच्या वाटेवर, जी एकाच वापरकर्त्याच्या दोन सेशनांत सामायिक होते. तोच वापरकर्ता यंत्रासमोर आधीच लॉगइन असेल तर ग्नोम दुसरं सेशन धड चालू देत नाही. खरं आहे, आणि हल्ली हेच जास्त दिसतं. आधी तिथलं लॉगआउट करून बघावं. पण ग्नोम कशानेही मरो, खिडकी मिटते ती त्याच्या मरणाची वाट बघत कुणी बसलेलं असतं म्हणून. एक्सआरडीपीत हे काम सेसमनकडे. विंडो मॅनेजर काही सेकंदांतच आटोपला तर नव्या आवृत्त्यांत सेसमन तशी तक्रार लॉगमध्ये नोंदवतो. तो का आटोपला हे बघायला होम डिरेक्टरीतली ‘.एक्ससेशन-एरर्स’ उघडावी.