उशाशी बसण्याचा हक्क

मूल आजारी पडले की आईने त्याच्या उशाशी बसावे, ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईबापांना मुलापाशी राहू देत नसत. ठराविक दिवशी, ठराविक वेळी येऊन भेटावे आणि परत जावे, असा दंडक होता. त्यामागे दुष्टावा नव्हता. भेटीस येणाऱ्यांबरोबर संसर्ग येईल, ही एक भीती होती. शिवाय आई येऊन गेली की मूल आकांत करते, आली नाही की निमूट पडून राहते, असा परिचारिकांचा अनुभव होता.

हे निमूटपण म्हणजे समाधान नव्हे, हे जेम्स रॉबर्टसन यांनी ओळखले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करीत. एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट त्यांनी १९५२ साली तयार केला. मुलगी फारशी रडत नाही; परंतु दिवसागणिक तिचा चेहरा मिटत जातो, आणि घरी निघताना ती आईचा हातही धरीत नाही. चित्रपट पाहून प्रथम पुष्कळ डॉक्टर रागावले. पण १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने आईबापांच्या भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या आयांना रुग्णालयात राहण्याची सोय करावी, अशी शिफारस केली.

ती मुलगी आठ दिवसांनी घरी गेली. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचे दुःख याहून कठीण होते. १९४७ सालापर्यंत या रोगावर परिणामकारक औषधच नव्हते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सारे संपत असे. त्या वर्षी बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध वापरून पाहिले. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. सोळा मुलांपैकी दहांना उतार पडला, पण तो तात्पुरता ठरला.

औषधाने मुदत वाढविली. ती मुदत कशी जावी, हा प्रश्न मात्र औषधाच्या आवाक्यातला नव्हता. फार्बर यांनी त्याचे उत्तर व्यवस्थेत शोधले. मुलाचा रोग तेवढा वेगळा काढून त्यावर उपचार करता येत नाहीत. त्याचे मन, त्याचे घर, घरचा खर्च या सर्वांची काळजी एकाच छपराखाली घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

तरीही एक अडसर राहिला, तो मौनाचा. मुलाला रोगाचे नाव कळू नये, म्हणजे त्याला भय वाटणार नाही, अशी मोठ्यांची समजूत होती. अमेरिकेतील परिचारिका-संशोधक युजेनिया वेक्टर यांनी रुग्णालयातील मुलांना चित्रे दाखवून त्यांवर गोष्टी सांगावयास लावल्या. ज्यांना आपल्या आजाराविषयी कोणी काही सांगितले नव्हते, अशा मुलांच्या गोष्टींतही मरणाची चाहूल होती. त्यांचे हे संशोधन १९७१ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७८ साली मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी आपल्या ग्रंथात दाखविले की, मुलांना सारे कळलेले असते. शेजारच्या खाटेवरील सोबत्याकडूनही ते कळते. परंतु आईबापांना दुःख होऊ नये म्हणून मुलेच न कळल्याचे सोंग करतात. ज्याला आधार द्यावयाचा, तोच इतरांना आधार देत होता!

कुटुंबाचा प्रश्न याच काळात पुढे आला. दूरच्या गावाहून आलेल्या आईबापांनी राहावे कोठे? १९७४ साली फिलाडेल्फियात डॉ. ऑड्री इव्हान्स यांच्या प्रयत्नाने अशा कुटुंबांसाठी एक घर उघडले. आपल्याकडे मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालापासून चालू आहे आणि तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा कित्येक कुटुंबांना आसरा दिला. २००६ सालापासून सेंट ज्यूड संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह विनामूल्य ठेवून घेते.

ही केवळ दयाबुद्धी म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. या तफावतीची कारणे अनेक. उपचार अर्ध्यावर सोडणे हे त्यांतील एक. बापाची मजुरी बुडते, परक्या शहरात निवारा नसतो, घरी दुसरी मुले वाट पाहतात. आणि थोडा उतार पडताच कुटुंब गावाची वाट धरते. अशा वेळी डोक्यावरचे छप्पर आणि विचारपूस करणारे माणूस यांचे मोल औषधाइतकेच असते.

सर्वच मुले बरी होत नाहीत, आणि तेथे शास्त्राचे हात टेकतात. परंतु मुलाने विचारले तर त्याला खरे, त्याच्या वयास झेपेल असे उत्तर मिळावे आणि रात्री जाग आली तर उशाशी आपले माणूस असावे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.