पिकांत उमटलेली वर्तुळे : विदर्भातील शिलावर्तुळे आकाशातून कशी ओळखावीत?

१/ दगड हलवला, शेत नांगरले, बांध घातला, म्हणजे थडगे संपले असे आपण समजतो. जमिनीचे मत वेगळे असते. एकदा खणलेला खड्डा पुन्हा भरला तरी त्यातील माती आजूबाजूच्या मातीसारखी कधीच होत नाही, आणि तिच्यावर वाढणारे पीक हा फरक दाखवून देते. आजचा धागा या पीकखुणांविषयी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना क्रॉपमार्क म्हणतात त्यांच्याविषयी. उदाहरण मात्र आपल्या घरचे आहे : नागपूर परिसरातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळे.

२/ आधी तत्त्व. बुजलेल्या चरात किंवा खड्ड्यात माती खोल व भुसभुशीत असते. ओल टिकते, मुळे खाली जातात, पीक उंच वाढते आणि उशिरा पिवळे पडते. याउलट मातीखाली भिंत किंवा दगडांचा थर असेल तर ओल लवकर सरते व पीक खुरटते. बांधावर उभे राहून हा फरक जाणवत नाही. वरून पाहिले की त्याला आकार येतो.

३/ या विद्येचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील वुडहेंज. १९२५ साली वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल याला स्टोनहेंजजवळच्या शेतात हवेतून ठिपक्यांची वर्तुळे दिसली. १९२६ ते १९२८ या काळात कनिंग्टन दांपत्याने तेथे उत्खनन केले, तेव्हा लाकडी खांबांच्या खळग्यांची एकात एक अशी सहा वर्तुळे निघाली. खांब केव्हाच कुजून गेले होते. उरले होते ते फक्त खळगे. २०१८च्या दुष्काळी उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ अँथनी मर्फी आणि केन विल्यम्स यांना ड्रोनमधून असेच एक अज्ञात महावर्तुळ दिसले. दुष्काळ हा या शोधांचा खरा साहाय्यक, कारण ओल मुबलक असली की सारे पीक सारखेच हिरवे.

४/ आता विदर्भ. येथील शिलावर्तुळांकडे अभ्यासकांचे लक्ष जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली. ज्यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे ते स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ ओढ्याच्या पुरात बुडून मृत्यू पावले. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६७ मध्ये जुनापाणी येथे खोदकाम केले. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी जुनापाणीत, आणि नंतर शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड येथे शास्त्रशुद्ध उत्खनने केली. काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व पहिले सहस्रक. लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी भांडी, माहुरझरीला घोड्याचे अवशेष व त्याचा तांब्याचा साज, नायकुंडला तर लोखंड वितळवण्याची भट्टी.

५/ रचना नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. बाहेर मोठ्या दगडांचे कडे. व्यास काही मीटरांपासून वीस-पंचवीस मीटरांपर्यंत. आत दगडगोट्यांचा भराव, आणि उत्खनन झालेल्या अनेक वर्तुळांत त्याखाली चिकट काळ्या मातीचा थर. ही वर्तुळे बहुधा टेकड्यांच्या पायथ्याशी, मुरमाड किंवा बरड जमिनीवर असतात. म्हणजे फिकट मुरमावर ठेवलेली काळी, ओल धरणारी माती! पीकखुणेला याहून अनुकूल पार्श्वभूमी मागूनही मिळायची नाही.

६/ म्हणून माझा तर्क असा : कडेचे दगड उचलून बांधावर रचले गेले असले, तरी नांगराचा फाळ खोलवर पोहोचला नसेल तेथे वर्तुळ मातीच्या रंगातून ओळखता यावे. एप्रिल-मे महिन्यांत नांगरून पडलेल्या बरड रानात गडद गोल डाग, आणि फेब्रुवारीत तेथेच गहू असेल तर भोवतालचे पीक पिवळे पडल्यावरही हिरवा राहिलेला गोल. दगडगोट्यांचा भराव वर आला असेल तर उलट चित्र : खुरटलेला, फिकट गोल.

७/ ही पद्धत सर्वत्र चालणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सखल भागातील खोल काळ्या रेगुर जमिनीत ती बहुधा हरते. ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि स्वतःलाच घुसळत राहते. अडीच हजार वर्षांत खड्ड्याच्या कडा पुसट होणारच. शिवाय सगळीकडेच ओल धरणारी माती असल्यावर फरक दिसणार कशाचा? कपाशीच्या ओळींतले अंतर इतके असते की बारीक आकृती त्यांत हरवते. संत्र्याच्या बागेविषयी तर बोलायलाच नको. खरिपात ढग उपग्रहाचा डोळा झाकतात.

८/ छायाचित्राची सूक्ष्मता हा दुसरा प्रश्न. दहा मीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर. लँडसॅटच्या ३० मीटरच्या एका चौकटीचे ९००. म्हणजे आपले वर्तुळ त्या चौकटीच्या दहाव्या भागाहूनही लहान. ते दिसणे अशक्य. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ या काळातील छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. त्यांतील उत्तम चित्रांत सुमारे दोन मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. त्यांत असे वर्तुळ पाच-सहा ठिपक्यांचा अंधुक गोल होईल. मात्र त्यांचे मोल वेगळे आहे : शहर पसरण्यापूर्वीची जमीन त्यांत आहे.

९/ मी सारसोळ्याची. आमच्या बेलापूरपट्टीत खाडीकाठची खाजणे आणि शेते १९७० नंतर सिडकोच्या नगरात रूपांतरित झाली. येथे पीकच उरले नाही, मग पीकखूण कोठून? जुने हवाई चित्र हाच एक साक्षीदार. नागपूरभोवतीच्या बरड जमिनींवर आज वसाहती आणि दगडखाणी त्याच दिशेने सरकत आहेत, म्हणून हा विषय मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही.

१०/ आता फसव्या गोलांविषयी. विदर्भाच्या शेतात गोल दिसला की ते थडगेच, असे नव्हे. सर्वांत मोठा चकवा खळ्याचा. मधे तिवडा, भोवती बैलांची पात, वर्षानुवर्षे तुडवून घट्ट झालेली जमीन. खळे मोडून तेथे पेरले तर पीक खुरटणार आणि वरून नेमका शिलावर्तुळाच्या मापाचा गोल दिसणार. बुजवलेली विहीर, मेंढ्या बसवलेली जागा, तोडलेल्या मोठ्या झाडाचा पसारा, हे बाकीचे भामटे.

११/ मग ओळखायचे कसे? एकटा गोल संशयास्पद समजावा. खळे साधारणतः शेतात एक असते. महापाषाणीय वर्तुळे मात्र समूहाने असतात, जुनापाणीला तर शेकड्यांनी. खळे गावाच्या किंवा वाटेच्या सोयीने असते. वर्तुळे टेकडीच्या पायथ्याच्या बरडावर. खूण निरनिराळ्या वर्षांच्या, निरनिराळ्या ऋतूंच्या चित्रांत त्याच जागी यावी. आणि शेवटी पायांनी चालत जावे : बांधात रचलेले अवजड दगड, काळ्या-तांबड्या खापराचे तुकडे. आकाशातून फक्त शंका घेता येते. खात्री जमिनीवरच होते.

१२/ जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातील अनेक शिलावर्तुळे केंद्रीय संरक्षित यादीत आहेत. २०१०च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. परंतु हे कवच यादीतल्या स्थळांनाच. ज्याचे दगड गेले, ज्याची नोंद नाही, त्या वर्तुळाला कायदा ओळखत नाही. येथे एखाद्या गव्हाच्या शेतातील तारीखवार छायाचित्र हा पहिला कागद ठरू शकतो.

१३/ उपग्रहचित्रांत तुम्हाला असे काही आढळले, तर चित्राची तारीख, महिना आणि उभे पीक नोंदवून ठेवा, जुनी चित्रे ताडून पाहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला कळवा. अक्षांश-रेखांश मात्र येथे प्रतिसादात टाकू नका. गुप्तधनाच्या आशेने रात्री खणणारेही नकाशे वाचतात, आणि त्यांनी उपसलेल्या खड्ड्यातील पीक पुढे फक्त त्यांचीच खूण दाखवेल.