दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स

बँकेत माझ्याकडे वाहनकर्जाचं टेबल आहे. या टेबलावर आजवर स्कूटरी आल्या, रिक्षा आल्या, एकदा चुकून शेतकी कर्जातला ट्रॅक्टरही आला. पण रोल्स-रॉईस काही आली नाही. ज्याला ती परवडते त्याला कर्ज लागत नाही, आणि ज्याला कर्ज लागतं त्याला ती परवडत नाही. एवढं अर्थशास्त्र समजायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. मी झालो, ती गोष्ट वेगळी.

तेव्हा रोल्स-रॉईसशी माझा संबंध आला तो एकदाच, आणि तोही बाहेरून. मुंबईत जुन्या मोटारींची मिरवणूक होती. रविवार होता, घरात जाळी काढायचा कार्यक्रम होता, आणि सौ.नं "बाबांना जरा बाहेर नेऊन आणा" म्हणून फर्मान काढलं. यात बाबांपेक्षा मीच तिच्या पायात येत होतो, हे न कळण्याइतका मी नवा नवरा नाही. गेलो.

बाबा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या वर्कशॉपात 35 वर्षं टर्नर होते. त्यांचं सगळं आयुष्य लेथवर लोखंड फिरवण्यात आणि ते मायक्रोमीटरनं मोजण्यात गेलं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक 'थाऊ'. आम्ही पावशेर भाजीत मागंपुढं करतो, तसं बाबा थाऊच्या बाबतीत कधी करत नसत. त्यामुळे मिरवणुकीत लोक गाड्यांपुढे उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते, आणि बाबा गाड्यांखाली वाकून बघत होते. एका उंच, जुन्या रोल्स-रॉईसपाशी ते थांबले. बॉनेटजवळ कान नेला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बंद पडली का हो?"

"चालू आहे आजोबा," तो म्हणाला.

बाबांनी हळूच मडगार्डवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मला विचारलं, "कुणी केलीय रे ही?"

"रोल्स-रॉईस कंपनीनं," मी म्हणालो.

"कंपनी काही करत नसते. माणूस करतो. त्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. पुढचे काही महिने मी बँकेच्या वेळेनंतर (आणि खरं सांगायचं तर थोडा बँकेच्या वेळेतही) त्या माणसाच्या मागे लागलो. हाती लागलं ते असं.

माणसाचं नाव हेन्री रॉईस. जन्म 1863 चा, इंग्लंडात पीटरबरोजवळच्या ऑलवॉल्टन गावचा. बाप गिरणीवाला, पण पिठाच्या गिरणीत घरचंच पीठ पुरेना. हा 9 वर्षांचा असताना बाप वारला. पोरानं लंडनमध्ये वर्तमानपत्रं विकली, घरोघर तारा पोचवल्या. मग एका मावशीला की आत्याला (इंग्रजांकडे दोघींना एकच शब्द, त्यामुळे उपकार कोणत्या बाजूचे ते कळायला मार्ग नाही) दया आली. वर्षाला 20 पौंड भरून तिनं त्याला पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपात उमेदवारीला लावलं. तीन वर्षांनी तिचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्ध्यावर सुटली. रोल्स-रॉईसमधला रॉईस तो हा! नाव ऐकून मला आजवर वाटायचं, की हा कुणीतरी डोक्यावर उंच टोपी आणि हातात छडी असलेला लॉर्ड असणार.

लॉर्डाचा मुलगा होता तो दुसरा, चार्ल्स रोल्स. केंब्रिजला शिकलेला, वेगाचं वेड असलेला, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारा. इकडे रॉईसनं मँचेस्टरला 1884 मध्ये कारखाना काढला होता. विजेच्या घंटा, डायनामो आणि क्रेन तिथे होत. 1903 साली त्यानं देकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली आणि तिच्या आवाजानं आणि दुखण्यांनी तो हैराण झाला. सेकंडहँड गाडी घेऊन हैराण झालेली माणसं मी रोज बघतो. ती आधी विकणाऱ्याला शिव्या देतात आणि मग दुसऱ्या कुणाला तरी ती गाडी विकतात. रॉईसनं गाडी खोलली, तिच्यातलं काय काय चुकलंय ते बघितलं आणि स्वतःची गाडी करायला घेतली. 1 एप्रिल 1904 ला ती रस्त्यावर आली. तारीख बघून कुणी हसलंही असेल. पण 4 मे 1904 ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात रोल्स त्याला भेटला, त्या छोट्या दोन सिलिंडरी गाडीत बसला, आणि रॉईस करील तेवढ्या सगळ्या मोटारी मी विकीन, असं ठरवून लंडनला परतला.

एक करणारा, एक विकणारा. आता बँकेतल्या माणसाला तिसरा कोण, हा प्रश्न पडतोच. दोन मोठ्या नावांच्या मागे फायली सांभाळणारा कुणीतरी असतोच असतो. तो होता क्लॉड जॉन्सन. इंग्लंडच्या ऑटोमोबाइल क्लबचा हा पूर्वीचा सेक्रेटरी. रोल्स आणि रॉईस या दोन नावांमधली जी आडवी रेघ आहे ना, ती म्हणजे हा जॉन्सन, असं लोक म्हणत. मला हा माणूस फार जवळचा वाटला. मीही गेली 20 वर्षं कुणा ना कुणाच्या मधली आडवी रेघच आहे.

1906 साली कंपनी रजिस्टर झाली आणि त्याच वर्षी लंडनच्या प्रदर्शनात 40/50 अश्वशक्तीची नवी गाडी मांडली गेली. इंजिन सहा सिलिंडरचं, सात लिटरचं. आता सहा सिलिंडरच्या इंजिनाचं एक दुखणं होतं. त्यातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या खालीवर होण्याचं गरगर फिरणं करणारा दांडा, लांबलचक असतो. ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरून पिळावं, तसा दर फटक्याला त्याला पीळ बसतो आणि सुटतो. ठरावीक वेगाला हा पीळ अंगात येतो, गाडी थरथरते आणि एक दिवस दांडा मोडतो. रॉईसच्याच आधीच्या 30 अश्वशक्तीच्या गाडीत तसे दांडे मोडले होते. नव्या गाडीत त्यानं तीन-तीन सिलिंडरचे दोन गट पाठीला पाठ लावून बसवले, दांडा चांगला जाडजूड केला, त्याला एक-दोन नव्हे, सात बेअरिंगांचा आधार दिला आणि प्रत्येक बेअरिंगला दाबानं तेल पोचेल अशी सोय केली. चॅसिसला रिवेट ठोकण्याऐवजी निमुळते बोल्ट घातले, आणि प्रत्येक भोक हातानं घासून त्या बोल्टाच्या मापाचं केलं. हे ऐकल्यावर बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. "प्रत्येक भोक?" त्यांनी विचारलं. प्रत्येक भोक.

अशीच एक गाडी, तिच्या मालिकेतली बारावी, नंबर ए.एक्स. 201, जॉन्सननं 1907 मध्ये सजवून घेतली. अंगाला अ‍ॅल्युमिनियमचा रंग आणि धातूच्या सामानावर चांदीचा मुलामा. म्हणजे चांदी कडेकडेला आणि बाकी आमच्या भाताच्या पातेल्याचा रंग. गाडी भुतासारखी आवाज न करता यायची, म्हणून नाव ठेवलं 'सिल्व्हर घोस्ट'. तेही त्या एका गाडीचं. साऱ्या मालिकेला ते पुढे चिकटलं.

इथवर सगळं जाहिरातीतलं. खरी गोष्ट इथून पुढे. जॉन्सननं ही गाडी ऑटोमोबाइल क्लबच्या हवाली केली आणि म्हणाला, तपासा. क्लबचा माणूस वही घेऊन गाडीत बसला आणि गाडी लंडन ते ग्लासगो धावायला लागली. गेली, आली, गेली, आली. 27 वेळा! रात्रंदिवस, सुट्टी फक्त रविवारची. (इंग्रजांनी रविवार पाळला म्हणून आपल्याला मिळाला, हे ऋण मी मानतो.) 629 मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्यानं आपोआप मिटली आणि गाडी मिनिटभर थांबली. नंतर सलग 14,371 मैल, म्हणजे 23,000 किलोमीटरच्या वर, ती आपण होऊन एकदाही थांबली नाही.

शर्यत इथे संपली असती तर टाळ्या वाजवून मी बाजूला झालो असतो. पण पुढचा भाग वाचला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. धाव संपल्यावर क्लबनं ती गाडी पूर्ण खोलली. एकेक भाग मोजला. जो नव्यासारखा राहिला नव्हता, मग तो चालण्याजोगा का असेना, तो बदलायचा असं ठरलं. म्हणजे हे चक्क ऑडिट झालं! आमच्याकडे ऑडिटर येणार म्हटलं की रजेचे अर्ज पडतात, जुन्या फायली कपाटामागे जातात आणि चहाबरोबर काजू येतात. हे लोक स्वतःहून ऑडिटरला घरी बोलावून म्हणाले, कपाट खोला. स्टिअरिंगच्या सांध्यांतले काही बारीक तुकडे, पंख्याचा पट्टा, असलं किरकोळ सामान निघालं. बिल झालं दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स. टायर-पेट्रोलचा खर्च वेगळा, हे सांगितलं नाही तर माझी पदवी परत जाईल. पण नुसत्या चॅसिसची किंमत हजार पौंडांच्या घरात असताना इतक्या मैलांनंतरची झीज दोन पौंडांची!

लगेच पुढच्या वर्षी, 1908 साली, ही जातकुळी आपल्याकडे उतरली. मुंबई-कोल्हापूर मार्गावर घाटाघाटांतून 620 मैलांची मोटारींची परीक्षा झाली, आणि ती जिंकली 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाच्या सिल्व्हर घोस्टनं. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली. 1908 चे घाट आणि 1908 चे रस्ते! मी मागच्या वर्षी कोल्हापूरला गेलो ती बस पहिल्याच घाटात दीड तास दम खात उभी होती. महाराजांवरून आठवलं, अपमान झाला म्हणून अमुक महाराजांनी रोल्स-रॉईस गाड्या कचरा गोळा करायला लावल्या, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. सांगणारा प्रत्येक जण निराळ्या संस्थानाचं नाव घेतो, आणि कागद मागितला की चहा मागवतो.

गाडी निर्दोष होती असं नाही. 1912 मध्ये आल्प्सच्या स्पर्धेत एका खाजगी मालकाची घोस्ट काट्शबर्गचा चढ चढेना. तीनच गिअर होते, ते पुरले नाहीत. कंपनीनं ड्रायव्हरवर खापर फोडलं नाही, खुलासा मागवला नाही. चार गिअरची पेटी केली आणि 1913 मध्ये तेच डोंगर जिंकून दाखवले. 1926 पर्यंत या गाड्या निघत होत्या, साडेसात हजारांहून जास्त निघाल्या. रोल्स हे बघायला उरला नाही. 1910 च्या जुलैत विमान कोसळून तो गेला, वय 32. पाठोपाठ रॉईस मरणाच्या दारातून परत आला आणि पुढची वीसेक वर्षं कारखान्यापासून दूर, समुद्रकाठी राहून नकाशे तपासत राहिला. 1930 मध्ये सरकारनं त्याला सर केलं. तो स्वतःला मेकॅनिकच म्हणवून घेई. 1933 साली गेला.

आता एक गोष्ट सांगतो, ती इतिहासातली नाही. आठवीत असताना मला शाळेतून एक फॉर्म मिळाला होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं, 'रेल्वेत ऑफिसर'. वर्गात एकाचे वडील डॉक्टर होते, एकाचे वकील, आणि माझ्या बाबांच्या नखांतलं काळं रविवारीसुद्धा निघत नसे. फॉर्म सहीला दिला. बाबांनी तो वाचला. रागावले नाहीत. पट्टी घेतली, 'ऑफिसर'वर एक सरळ रेघ मारली, वर 'टर्नर' लिहिलं, आणि त्या दुरुस्तीशेजारी छोटी सही केली. खाडाखोड केली की तिथे सही करायची, हे बँकेनं मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं. बाबांनी आठ-नऊ वर्षं आधीच शिकवलं होतं. तो फॉर्म मी मान खाली घालून बाईंना दिला. त्या दिवशी मान खाली का घातली, याची लाज मला वाटायला बरीच वर्षं लागली. बाबांजवळ हे कधी बोललो नाही.

रॉईसची सगळी हकिगत मी एका संध्याकाळी बाबांना सांगितली. रेल्वेचं वर्कशॉप आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, अर्धवट राहिलेल्या उमेदवारीला 'च्च' केलं. 'सर झाल्यावरही मेकॅनिक म्हणवायचा' हे वाक्य मी जरा मोठ्यानं आणि दोनदा म्हटलं. त्यांना फॉर्म आठवला की नाही, कळलं नाही. शेवटी मी बिलाचा आकडा सांगितला आणि दाद मिळेल म्हणून थांबलो.

"सात पेन्सचं काय बदललं?" बाबांनी विचारलं.

"ते कसं सांगणार बाबा? व्हाउचर थोडंच आहे माझ्याकडे!"

"नुसते दोन पौंड म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता," बाबा म्हणाले. "सात पेन्स लिहिलेत म्हणजे माणसं खरी असणार."

दुसऱ्या दिवशी बँकेत संध्याकाळी हिशोब जुळेना. फरक तीन रुपयांचा. शेजारचा म्हणाला, "सोडा हो, सस्पेन्समध्ये टाका, चालेल." मी पावणेआठपर्यंत बसलो आणि ते तीन रुपये शोधून काढले. घरी उशीर का झाला ते सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, "तीन रुपयांसाठी सहा रुपयांची वीज जाळलीत."

बाबा आतून म्हणाले, "जाळू दे."