रामशास्त्र्यांचा धर्म

श्रीमंत माधवराव पेशवे १७६१ साली गादीवर आले. पुढे स्नानसंध्या, जपजाप्य यांत त्यांचा इतका वेळ जाऊ लागला की, राज्याचे काम खोळंबे. एके दिवशी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी काशीयात्रेची रजा मागितली. जप करावयाचा तर आपणही गादी सोडून चलावे, राज्य करावयाचे तर प्रजेचे कल्याण हेच अनुष्ठान, असे त्यांनी बजावल्याचे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आहे. माधवरावांनी ते मानले.

१७७३ साली नारायणरावांचा खून झाला. तेव्हा याच शास्त्रीबुवांनी शास्त्राधारे राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. जप थांबविणारा आणि सत्ताधीशाला जाब विचारणारा, त्यांचा धर्म एकच होता.