श्वासाचें मोजमाप

धानाच्या गिरण्या आणि विड्यांचा धंदा यांकरितां गोंदिया जिल्हा प्रसिद्ध आहे. तेथील श्रमिकांच्या श्वासांत तुसाची धूळ व तंबाखूची भुकटी जाते. तिनें फुप्फुसांची किती हानि झाली, हें कसें ओळखावें?

या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ लंडनमध्यें झाला. १८४६ सालीं जॉन हचिन्सन या डॉक्टरानें आपल्या श्वासमापक यंत्राचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाण्यांत उपड्या ठेवलेल्या पात्रांत पूर्ण श्वास सोडावयाचा. पात्र जितकें वर चढेल, तितकी श्वासशक्ति. दोन हजारांहून अधिक माणसें तपासून, ही शक्ति उंचीबरोबर वाढते, असें त्यानें दाखविलें.

परंतु केवळ हवेचें माप पुरेसें नव्हतें. १९४७ सालीं फ्रान्समध्यें तिफ्नो व पिनेली यांनीं पहिल्या सेकंदांत बाहेर पडणारी हवा मोजली. निरोगी तरुण सुमारें चार पंचमांश हवा तेवढ्यांत सोडतो. श्वासनलिका अरुंद झाल्या, कीं हा हिस्सा घटतो. औषधानंतर तो बराच वाढला, तर दम्याचा संभव. सात दशांशांखालींच राहिला, तर जुनाट विकाराचा.

म्हणून विडी वळणाऱ्या बाईचा खोकला ‘नेहमींचाच’ म्हणून सोडूं नये. गेलेला श्वास सहसा परत येत नाहीं. वेळींच मोजला, तर उरलेला राखतां येतो.