दोन कीफ्रेमच्या मधलं कोण काढतं?

मागच्या भागाच्या व्हिडिओत पोलादपूरचा नकाशा गरगर फिरत लहान होत जातो आणि मग सावित्रीच्या काठाने महाड दिसतं. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले ते इतिहासाचे नव्हेत, "दादा, हे फिरवलं कसं?" याचे. आता या 'कसं'लाही इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याकडचा आहे. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी युक्ती सांगतो, ती सोपी आहे. क्लिपच्या सुरुवातीला एक कीफ्रेम टाकायची: साइज 100 टक्के, रोटेशन 0. दोन सेकंदांनी दुसरी: साइज 20 टक्के, रोटेशन 360. बस्स. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर सॉफ्टवेअर दर फ्रेमला नकाशा 7.2 अंश फिरवतं आणि 1.6 टक्के लहान करतं. साधा भागाकार. आपण दोन टोकं सांगितली, मधलं सगळं यंत्राने भरलं.

हे मधलं भरायला पूर्वी माणसं लागायची, आणि त्याच्याही आधी टोकं-मधलं असा भेदच नव्हता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. काचा भराभर बदलल्या की चित्र हलल्यासारखं वाटायचं. सिनेमा भारतात यायच्या आधीची ही गोष्ट!

मग दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, तो सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त आवडतो तो त्याच्या आधीचा, 1912 चा उद्योग. कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत राहिले, महिनाभराहून जास्त. पडद्यावर काही क्षणांत रोप उगवून वर आलं. ते पाहून पैसे लावणारा माणूस पटला. पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, काड्या जागच्या जागी हलवून एकेक फ्रेम टिपत. ती फिल्म आज उरलेली नाही. इथे मधलं काहीच आयतं नाही, प्रत्येक फ्रेम फाळक्यांच्या हातची. आपण दोन सेकंदांसाठी कंटाळतो, म्हणून सांगितलं.

'की' हा शब्द कार्टून स्टुडिओतला. मोठा कलाकार महत्त्वाच्या पोझ काढणार, ती 'की' चित्रं. मधली चित्रं काढायला ज्युनिअर मंडळी, त्यांना म्हणायचं 'इन-बिटवीनर'. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून युनिट 1956 मध्ये उभं राहिलं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते, आणि शिकणाऱ्यांत राम मोहन होते. पुढे 1974 मध्ये विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' आली. तुमच्या आई-बाबांना विचारा, दूरदर्शनवर पाहिलेली असणारच.

त्याच 1974 साली कॅनडात पीटर फोल्डेस यांची 'हंगर' आली. ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमने मधल्या फ्रेम काढल्या होत्या. इन-बिटवीनरचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. फिल्म बघा, एका आकाराचं दुसऱ्यात रूपांतर होताना मध्ये जे दिसतं ते ना हे असतं ना ते. यंत्राला माणसाचं शरीर कळत नाही, त्याला फक्त रेषेची दोन टोकं कळतात.

आणि इथे मला इतिहासवाला प्रश्न छळतो. चवदार तळ्याच्या भागासाठी मी टाइमलाइनवर एक ठिपका सरकवत होतो. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. या दोनच कीफ्रेम ठेवल्या की ठिपका दहा वर्षं कसा शांतपणे, एकाच वेगाने पुढे जातो. दिसायला छान. पण तसं झालंच नाही ना!

तळं खुलं करायचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता, मुंबई विधिमंडळातल्या बोले ठरावानंतर. कागदावर हक्क मिळालेला, तरी लोक तळ्यापर्यंत पोचले ते 1927 मध्ये, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. मग तळ्याचं 'शुद्धीकरण'. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, म्हणून 25 डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली तरी मंडळी तळ्यावर गेली नाहीत. पुढे वर्षानुवर्षं कोर्टकचेरी.

म्हणजे ठिपका पुढे जातो, अडकतो, चक्क मागे येतो. त्यासाठी आम्ही सहा कीफ्रेम टाकल्या आणि मधल्या चार-पाच वर्षांत तो जागेवरच ठेवला, 'होल्ड' करून. एका मित्राचं म्हणणं होतं, बोअर होईल, लोक स्किप करतील. करू देत.

दुसरा वाद एआयचा. जुना फोटो दिला की त्यातली माणसं चालवून दाखवणारी अ‍ॅप्स आता फुकट मिळतात. फोटो फिरवला, लहान केला, तरी त्यात होतं तेच राहतं. पण ओंजळ उचलून पाणी पिताना दाखवलं, तर ती हालचाल कोणी पाहिली होती? आमच्या व्हिडिओत फोटो फक्त 100 वरून 110 टक्क्यांवर जातो, आठ सेकंदांत. गरगर फिरवणं नकाशापुरतं.

प्रोजेक्ट फाइलची लिंक खाली आहे. सहाव्या कीफ्रेमचं ईझिंग बदलून बघा आणि कळवा.